‘मला जमणार नाही’ हे वाक्य तपासून कसं पाहावं?

‘मला गणित जमत नाही’ हे आपण जन्मतारीख सांगावी तितक्या सहज सांगतो. जन्मतारखेला निदान दाखला तरी असतो. गणिताचं मात्र बहुतेकदा असं झालेलं असतं, की शाळेत कधीतरी दोन-चार पेपर वाईट गेले, घरातलं कुणीतरी ‘हिचं डोकं त्यात चालत नाही’ म्हणून गेलं, आणि ते वाक्य पुढे वीस-तीस वर्षं कुणीच तपासून पाहिलं नाही. त्याच्यावर विषय निवडले गेले, नोकऱ्या नाकारल्या गेल्या, काही अर्ज भरलेच गेले नाहीत.

ज्यांच्याकडे असं एखादं वाक्य आहे आणि त्याचं काहीतरी करावं असं पहिल्यांदाच वाटू लागलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एकच आहे. स्वतःबद्दलचं असं वाक्य म्हणजे एक भाकीत असतं, आणि भाकीत पडताळून पाहता येतं. त्याच्याशी मनातल्या मनात वाद घालून फारसं हाती लागत नाही. त्याच्यावर गोड विचारांचं पांघरूण घालूनही लागत नाही. एक वही, एक पेन आणि रोजची दहा-पंधरा मिनिटं एवढ्यावर सुरुवात होते.

हे वाक्य इतकी वर्षं टिकतं कसं?

वही उघडण्यापूर्वी हे समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी कृती यावर उभी आहे.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि सांगितलं, की हे एका नियमाने निवडलेले आहेत. तुम्ही स्वतः तीन-तीन आकडे सुचवा, ते नियमात बसतात का ते मी सांगेन, त्यावरून नियम ओळखा. अनेकांनी ८, १०, १२ असे आकडे सुचवले, प्रत्येक वेळी ‘बसतं’ असं उत्तर आलं, आणि ‘दोनदोनने वाढणारे आकडे’ हाच नियम असं त्यांनी खात्रीने सांगितलं. खरा नियम एवढाच होता, की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, ७, ३० सुद्धा चाललं असतं. पण आपला अंदाज चुकीचा ठरवू शकेल असं उदाहरण सुचवायचं फार कमी लोकांच्या मनात आलं.

स्वतःबद्दल आपण हेच करतो. ‘मला चारचौघांत बोलता येत नाही’ असं मानणारा माणूस बैठकीत गप्प बसतो. गप्प बसला म्हणजे पुन्हा एकदा बोलता आलं नाही, असा त्याचा हिशेब. वर्षभरात असे कितीतरी पुरावे गोळा होतात आणि त्यातला एकही खरा पुरावा नसतो, कारण तोंड उघडून पाहिलेलंच नसतं.

यात दुसरी गोष्टही मिसळते. टाळलं की लगेच हायसं वाटतं. छातीतली धडधड थांबते, आजचा दिवस निभावतो. ही सुटका इतकी सुखाची असते, की पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. आळस किंवा भित्रेपणा असं नाव देऊन स्वतःला टोचण्यात अर्थ नाही. कुणाही माणसाचं मन असंच शिकतं.

आणखी एक संशोधन इथे सांगायला हवं, कारण मला ते मनापासून धीर देणारं वाटतं. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काहीही केलं तरी थांबवता न येणारे विजेचे झटके ज्यांना बसले होते, त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही धडपड केली नाही. ती असहायता शिकतात, असा त्याचा अर्थ तेव्हा लावला गेला. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरच्या नव्या अभ्यासाच्या आधारे याच दोघांनी आपला निष्कर्ष फिरवला. दीर्घ त्रासात निपचित होणं ही प्राण्याची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. म्हणजे तुमच्यात काही बिघाड आहे आणि तो आधी दुरुस्त करायचा आहे, असं समजायचं कारण नाही. एक गोष्ट शिकायची राहून गेली आहे. ती कोणत्याही वयात शिकता येते, पण करून पाहूनच.

पहिला आठवडा: वाक्य पकडणं

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. फक्त ऐकायचं.

ॲरन बेक हे मानसोपचारतज्ज्ञ १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की मन खचण्याच्या आधी रुग्णांच्या डोक्यातून एखादा चटकन येणारा विचार जातो. तो इतका सवयीचा असतो, की रुग्णाला स्वतःलाही तो विचार वाटत नाही, थेट वास्तव वाटतं. बेक यांनी त्यांना ‘आपोआप येणारे विचार’ म्हटलं, आणि आज जगभर वापरली जाणारी वैचारिक वर्तन उपचारपद्धती यातूनच उभी राहिली.

असा विचार पकडायची वेळ ठरलेली असते. मूड अचानक उतरला, पोटात गोळा आला, किंवा करायला निघालेली गोष्ट तुम्ही हातातून खाली ठेवली, की लगेच स्वतःला विचारा, ‘आत्ता माझ्या मनात काय येऊन गेलं?’ आणि जे आलं ते जसंच्या तसं लिहा. लिहिताना त्याला सभ्य करू नका. मनात ‘सगळ्यांसमोर माती खाणार मी’ असं आलं असेल, तर तेच वहीत उतरायला हवं. ‘सादरीकरणाबाबत थोडी चिंता वाटते’ असं लिहिलंत, तर खरं वाक्य तुमच्या हातून निसटलं. बोलीतलं, बोचरं, कधीकधी आई-वडिलांच्या किंवा जुन्या शिक्षकांच्या आवाजातलं वाक्य हवं आहे.

काही वाक्यं वेश पालटून येतात आणि ती ओळखणं सगळ्यात अवघड. ‘मला त्यात रसच नाही’ हे खरं असू शकतं. पण दुसरं कुणी तीच गोष्ट करताना पाहून आत काहीतरी हलत असेल, तर रस आहे आणि धास्तीही आहे. ‘वेळ मिळत नाही’ हे कित्येकांच्या बाबतीत अगदी खरं असतं. मात्र अचानक मोकळा वेळ मिळालेल्या दिवशीही ते काम पुढे ढकललं गेलं, तर त्या दिवशीचं मनातलं वाक्य टिपून ठेवा. ‘करायचं तर नीट करायचं, नाहीतर नाही’ या वाक्याला समाजात फार मान आहे, म्हणून ते वर्षानुवर्षं पकडलं जात नाही. नवशिक्याला सुरुवातीला काहीच नीट करता येत नसतं. त्यामुळे हे वाक्य पाळणारा माणूस नवीन काही सुरूच करू शकत नाही.

एक वाक्य निवडा आणि त्याचं भाकीत करा

आठवड्याच्या शेवटी वहीत दहा-बारा वाक्यं असतील. त्यातलं एकच घ्या. सगळ्यात खोल, सगळ्यात जुनं, ‘माझ्यावर कुणी प्रेमच करू शकत नाही’ अशा जातीचं वाक्य पहिल्यांदा घेऊ नका. रोजच्या जगण्यात अडथळा आणणारं, पण ऐकून रडू न येणारं असं मधलं वाक्य बरं.

आता ते तपासता येईल असं लिहा. ‘मला चारचौघांत बोलता येत नाही’ हे या रूपात तपासता येत नाही, कारण ‘येत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं ते त्यात सांगितलेलं नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘येत्या बैठकीत मी एक प्रश्न विचारला, तर माझा आवाज कापेल, मी वाक्य अर्धवट सोडेन, आणि निदान दोघं तरी एकमेकांकडे बघून हसतील.’ यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसणारी किंवा कानांनी ऐकू येणारी आहे. ‘लोकांना मी मूर्ख वाटेन’ हे भाकीत चालणार नाही, कारण लोकांच्या मनात शिरून पाहता येत नाही. त्यांना तुम्ही मूर्ख वाटलात तर ते काय करतील, ते लिहा.

शेजारी एक आकडा टाका. हे असंच होईल याची तुम्हाला किती टक्के खात्री वाटते? ८०? ९५? हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आज मनाला जो वाटतो तोच लिहा.

मग जुना पुरावा एकदा चाळा. एका बाजूला प्रत्यक्ष काय घडलं आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही त्यावरून काय ठरवलंत, असे दोन रकाने. ‘नववीत भाषण विसरलो’ हे घडलं. ‘मला बोलता येत नाही’ हे ठरवलं. दोन्हींत किती अंतर आहे ते कागदावर दिसतं. यावर फार वेळ घालवू नका. जुन्या आठवणी उकरत बसणं हासुद्धा टाळण्याचा एक प्रकार होऊ शकतो.

प्रयोग

हा सगळ्या कामाचा गाभा आहे. बाकीचं वाचून सोडून दिलंत तरी चालेल, पण हे करून पाहा.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला हे करता येईल’ हा विश्वास कशातून तयार होतो याची मांडणी केली. त्यांनी चार उगम सांगितले: स्वतः करून मिळालेलं यश, आपल्यासारख्या कुणाला ते करताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची आपली शारीरिक अवस्था. यात सगळ्यात जोरकस पहिला. म्हणून कितीही प्रेरणादायी भाषणं ऐकली, तरी स्वतःच्या हाताने केलेल्या एका छोट्या कामाची सर त्यांना येत नाही. आत्मविश्वास आला की सुरुवात करू, असं म्हणत थांबलेली माणसं म्हणूनच थांबून राहतात. तो यायचा रस्ता सुरुवातीच्या पलीकडून आहे.

प्रयोग छोटा हवा. किती छोटा? विचार करताना थोडं धडधडलं पाहिजे, पण ‘शक्यच नाही’ असं वाटता कामा नये. बैठकीच्या उदाहरणात पहिला प्रयोग दोन सहकाऱ्यांसमोर एक प्रश्न विचारण्याचा असेल, दुसरा पाच जणांसमोर, तिसरा पूर्ण बैठकीत, चौथा स्वतःचं मत मांडण्याचा. पुन्हा गणित शिकायचं असेल, तर पहिला प्रयोग लहान वर्गाच्या पुस्तकातली पाच उदाहरणं सोडवणं हा. लाज वाटेल इतकं सोपं असलं तरी तिथूनच सुरू करा.

कधी, कुठे आणि कशानंतर हे आधी ठरवा. पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात ‘जर अमुक झालं, तर मी तमुक करेन’ अशा आराखड्यांचा अभ्यास केला. नुसत्या संकल्पापेक्षा असा आराखडा केलेले लोक काम तडीस नेण्याची शक्यता जास्त, असं त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत दिसलं. म्हणून ‘या आठवड्यात बोलेन’ असं मोघम ठेवू नका. ‘अहवाल वाचून संपला, की मी लगेच हात वर करेन आणि खर्चाबद्दल विचारेन’ असं लिहा. ऐन वेळी ठरवायला गेलं, की आपण कच खातो.

आता एक बारकावा. माझ्या मते बहुतेकांचे प्रयत्न इथेच वाया जातात. आपण अवघड प्रसंगात जातो खरे, पण सोबत कुबड्या घेऊन जातो. प्रश्न कागदावर लिहून, मान खाली घालून, घाईघाईने वाचून टाकतो. नवीन लोकांच्यात जातो आणि पूर्ण वेळ फोनमध्ये डोकं घालून बसतो. उपचारांच्या भाषेत यांना सुरक्षा-वर्तन म्हणतात. सामाजिक भीतीबद्दल डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये जी मांडणी केली, तिच्यात यांना महत्त्वाची जागा आहे. प्रसंग नीट पार पडतो, पण श्रेय कुबडीला जातं: ‘वाचून दाखवलं म्हणून निभावलं, नाहीतर माझं काही खरं नव्हतं.’ जुनं वाक्य जिथल्या तिथे राहतं. त्यामुळे प्रत्येक प्रयोगाआधी स्वतःला विचारा, की मी कशाचा आधार घेणार आहे? आणि त्यातला निदान एक आधार सोडून जा. सगळे एकदम सोडायची सक्ती नाही.

निकाल लिहिणं

प्रयोग झाला की त्याच दिवशी वही उघडा. भाकितातल्या प्रत्येक गोष्टीपुढे काय घडलं ते लिहा. आवाज कापला का? हो, पहिल्या दोन-तीन शब्दांत. वाक्य अर्धवट राहिलं का? नाही. कुणी हसलं का? नाही, एकाने उत्तर दिलं आणि बैठक पुढे गेली. मग खात्रीचा आकडा पुन्हा टाका. ८० चा ६५ झाला, तरी ते खूप आहे. एका प्रयोगात तो शून्यावर येईल अशी अपेक्षा धरू नका.

त्याच दिवशी लिहायचं, कारण मन रात्रीतून निकाल फिरवतं. ‘आज लोक चांगल्या मूडमध्ये होते.’ ‘प्रश्नच सोपा होता.’ ‘नशीब.’ पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांबद्दल एक निबंध लिहिला. उत्तम यश हाती असतानाही या स्त्रिया ते नशिबावर, मेहनतीवर किंवा इतरांच्या गैरसमजावर ढकलत आणि आपली लबाडी कधीतरी उघडी पडेल या धाकात राहत. यश मिळणं पुरेसं नसतं, ते आपल्या खात्यावर जमाही व्हावं लागतं. म्हणून वहीत एक ओळ सक्तीने लिहा: ‘यात मी काय केलं?’ उत्तर क्रियापदात हवं. हात वर केला. थांबून श्वास घेतला. प्रश्न पूर्ण केला.

आणि भाकीत खरं ठरलं तर? आवाज कापला, शब्द अडकले, कुणी खरंच हसलं, तर? असं होणार, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. तेव्हा दोन प्रश्न विचारा. जे झालं ते मला वाटलं होतं तितकं असह्य होतं का? आणि यात कमी पडलं ते काय, माझी लायकी की एखादं कौशल्य? कौशल्य कमी पडलं असेल तर ही उपयोगाची माहिती आहे. ते कुणाकडून तरी शिकता येतं. ‘अजून मेहनत कर’ एवढंच स्वतःला सांगू नका. तीच चुकीची पद्धत दुप्पट जोराने वापरली, की निराशाही दुप्पट येते. पद्धत बदला, जाणकाराला विचारा, पायरी लहान करा.

जे करून फारसा फायदा होत नाही

आरशासमोर उभं राहून ‘मी यशस्वी आहे, मी सुंदर आहे’ असं म्हणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे तपासलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना अशा वाक्यांचा थोडा फायदा झाला. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत कमी होतं, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्यांना गरज होती त्यांनाच ते बाधलं. असा सल्ला मानून तुम्हाला अधिक पोकळ वाटलं असेल, तर त्यात तुमचा दोष नाही.

विचार दाबून टाकणंही चालत नाही. डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि तो येतच राहिला. विचार आला तर येऊ द्या, टिपा, हातातलं काम सुरू ठेवा.

एक छोटी युक्ती मात्र करून बघण्यासारखी आहे. ईथन क्रॉस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं, की ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी ‘मी’ऐवजी स्वतःच्या नावाने बोलणाऱ्यांना तो प्रसंग अधिक शांतपणे हाताळता आला. ‘मी का घाबरतेय?’ याऐवजी स्वतःचं नाव घेऊन ‘तू का घाबरतेस?’ असं विचारा. मैत्रिणीला आपण जितक्या मायेने समजावतो तितकी माया अशा बोलण्यात आपोआप येते.

सगळ्याच भिंती मनातल्या नसतात

हे मला ठासून सांगायचं आहे, कारण या विषयावर लिहिणारे बरेचदा इथे डोळेझाक करतात. पैसा नसणं, आजारी माणसाची जबाबदारी असणं, शरीराची मर्यादा, लोकांनी केलेला भेदभाव या गोष्टी विचार बदलून नाहीशा होत नाहीत. ‘तुझी मानसिकता बदल’ असं अशा माणसाला सांगणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणं आहे.

फरक ओळखायला एक प्रश्न कामी येतो. अगदी माझ्यासारख्याच परिस्थितीतल्या दुसऱ्या कुणी हीच गोष्ट करायला घेतली, तर मी तिला काय सांगेन? ‘आत्ता नको, आधी अमुक सोय कर’ असं उत्तर आलं, तर अडचण बाहेरची आहे. तिला व्यवहारातला उपाय शोधा. ‘अगं, करून तर बघ’ असं आलं, तर वहीकडे वळा. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. तेव्हा बाहेरची अडचण किती जागा व्यापते तेवढी तिला द्या आणि उरलेल्या जागेत प्रयोग करा.

तज्ज्ञाकडे कधी जायचं तेही इथेच सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास आहे, झोप आणि भूक बिघडली आहे, कशातच रस वाटत नाही, भीतीने घराबाहेर पडणं कठीण झालं आहे, किंवा वाक्याचं मूळ लहानपणच्या मारहाणीत, अत्याचारात आहे, तर एकटीने वही घेऊन बसू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा प्रशिक्षित समुपदेशकाकडे जा. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील, तर आजच कुणाला तरी सांगा आणि आजच मदत घ्या.

किती दिवस लागतात?

एकवीस दिवसांत सवय लागते असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. फिलिपा लॅली यांच्या गटाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साध्या रोजच्या सवयी अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले (निम्म्या लोकांना याहून कमी, निम्म्यांना जास्त), आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्यात आणखी एक गोष्ट दिसली: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही. वही लिहायची राहिली तर दुसऱ्या दिवशी लिहा. मागचं भरून काढायची गरज नाही.

आठवड्याला एक किंवा दोन प्रयोग ठीक. आठ-दहा निकाल जमले, की ते एका बैठकीत सलग वाचा आणि मूळ वाक्य आता कसं लिहाल ते पाहा. ते उलट होऊन ‘मला उत्तम बोलता येतं’ असं क्वचितच होतं. ‘सुरुवातीला आवाज कापतो, मग सावरतो, तयारी असेल तर मला मत मांडता येतं’ असं काहीतरी होतं. हे वाक्य पहिल्यासारखं ठसकेबाज नाही, पण याच्या पाठीशी पुरावा आहे आणि त्याच्यावर पुढचं पाऊल टाकता येतं.

जुनं वाक्य अधूनमधून परत येईल. थकवा, आजारपण, नवीन नोकरी, कुणाचा तरी टोमणा अशा वेळी तर नक्कीच. तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. त्या दिवशीचं वाक्य तारीख घालून लिहा, जुने निकाल वाचा, आणि शेवटी जिथवर पोहोचला होतात त्याच्या दोन पायऱ्या खालचा प्रयोग त्याच आठवड्यात करा.